बर्फाखालची ऊब

७ जानेवारी, ग्रँड फोर्क्स

पहाटे पावणेसहाला नातीनं उठवलं. "आजी, येणारेस ना? मग ऊठ." बाहेर उणे २६. गाडी रात्रभर विजेच्या वायरीला जोडलेली होती, नाहीतर सकाळी इंजिन चालू व्हायला तयार नसतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग, आणि त्यांच्यामधून आमच्यासारख्याच दहा-बारा गाड्या एकाच दिशेनं निघालेल्या. प्रत्येक डिकीत एक अगडबंब बॅग, मागच्या सीटवर अर्धवट झोपेतलं मूल.

रिंक शहराचं आहे. नाव पुरपुर अरीना. नॉर्थ डकोटातून नॅशनल हॉकी लीगपर्यंत पोचलेल्या पहिल्या खेळाडूचं हे आडनाव. साधी शेड, लाकडी बाकं, कॉफीचा वास आणि त्याहून उग्र असा ओल्या पॅडांचा वास.

नातीचे स्केट बांधायचं काम आता माझ्याकडे आलं आहे. लेकीनं शिकवलं: बोटांपासून सुरुवात करायची, प्रत्येक आडव्या फेरीला नाडी ओढून घ्यायची, घोट्यापाशी सगळ्यात जास्त. नाडीला मेण असतं, ती तर्जनीच्या पेरात रुतते. "अजून, आजी. अजून घट्ट." शेवटी म्हणाली, "हां, आता पाय माझा झाला." आणि जी गेली ती थेट बर्फावर. नऊ वर्षांची पोर, जमिनीवर चालताना ठेचकाळते. तिथे पाण्यातल्या मासोळीसारखी वळत होती. मी हातमोज्यातली बोटं चोळत बघत राहिले.

९ जानेवारी

गावाहून सेक्रेटरी सरांचा फोन. आमच्या कॉलेजला क्रीडासंकुलासाठी पाच कोटींची देणगी येते आहे. बांधकाम समितीवर मी असल्यामुळे माझं मत महिन्याभरात लेखी हवं. देणगीदारांच्या अटी दोन: वडिलांचं नाव, आणि नियामक मंडळावर घराण्याकडे कायमच्या दोन जागा. पैसे कामाच्या टप्प्याटप्प्यानं मिळणार.

मी विचारलं, "संकुल चालवायचा खर्च?"

"ताई, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात."

मुलींच्या कबड्डीच्या प्रशिक्षिका गेली सहा वर्षं तासिका तत्त्वावर आहेत. त्यांचं मानधन कधी दिवाळीला मिळतं, कधी होळीला. हे सरांनाही ठाऊक आहे, मलाही. फोनवर दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

१३ जानेवारी

आज 'राल्फ'मध्ये सामना पाहिला. पूर्ण नाव राल्फ एंगलस्टॅड अरीना, पण इथे लहानथोर सगळे नुसतं राल्फ म्हणतात, घरातल्या माणसासारखं. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या आवारात, २००१ सालच्या ऑक्टोबरात उघडलेली वास्तू. खर्च दहा कोटी डॉलरांच्या वर, आणि तो एका माणसानं केलेला.

एकतीस वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात काढल्यामुळे मी आधी जमीन बघते, मग छत, मग माणसं. जमीन ग्रॅनाइटची, सांधे असे की नखही अडकू नये. खुर्च्या चामड्याच्या, कडेला लाकूड. साडेअकरा हजारांहून जास्त लोक बसतात. शहराची वस्ती साठ हजारांच्या आत, म्हणजे पाचातला एक माणूस एकाच वेळी इथे बसू शकतो. शेजारी सरावासाठी ऑलिम्पिक मापाचं दुसरं रिंक, वर अठ्ठेचाळीस खासगी कक्ष. मी बांधलेल्या जिल्हा रुग्णालयांत आणि न्यायालयांत एका फुटाच्या फरशीसाठी भांडावं लागे. इथे कुठे हात आखडलेला दिसत नाही. कारागिरी अव्वल आहे, हे मनापासून लिहिते.

रांगेच्या टोकाच्या प्रत्येक खुर्चीवर पितळेची एक मुद्रा आहे: पिसं लावलेल्या मूळ रहिवासी योद्ध्याचं मस्तक. मी बोट फिरवून पाहिलं. कडा बोथट झाल्या आहेत, वीस-बावीस वर्षांत किती हात फिरले असतील. प्रवेशदालनाच्या ग्रॅनाइटमध्येही तेच मस्तक, अंगणातल्या रांगोळीएवढं मोठं. आणि बर्फावर खेळणाऱ्या मुलांच्या छातीवर मात्र ससाणा.

जावयांना विचारलं. म्हणाले, "आई, ती मोठी गोष्ट आहे. घरी सांगतो."

१४ जानेवारी

ती गोष्ट, जशी कळली तशी.

राल्फ एंगलस्टॅड १९३० साली शेजारच्या मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये जन्मला. याच विद्यापीठात शिकला, हॉकीच्या संघाचा गोलरक्षक होता. तेव्हाचं रिंक म्हणजे पत्र्याचं कोठार. पुढे बांधकामाचा ठेकेदार झाला, लास व्हेगासला गेला, अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजला जमीन विकून पैसा केला आणि १९७९ पासून इंपीरियल पॅलेस नावाचा कसिनो चालवला. त्याच कसिनोत हिटलरच्या वाढदिवसाच्या पार्ट्या झाल्या, त्याबद्दल १९८९ साली नेवाडाच्या जुगार नियामकांनी त्याला १५ लाख डॉलर दंड केला. त्यानं माफी मागितली. तरी हे वाचून मी वही बराच वेळ मिटून ठेवली होती.

१९९७ च्या एप्रिलात रेड रिव्हरला पूर आला. ही नदी उत्तरेकडे वाहते. उगमाकडचा बर्फ आधी वितळतो आणि पुढची वाट अजून गोठलेली असते, म्हणून पाणी पसरतं. जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं, आणि पाण्यात उभ्या असलेल्या मधल्या पेठेला आग लागली. त्याच्या काही आठवडे आधीच विद्यापीठाच्या हॉकी संघानं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. या पुरानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, १९९८ च्या डिसेंबरात, दहा कोटी डॉलरच्या देणगीची घोषणा झाली. घरातला चिखल नुकता काढलेल्या गावाला ती बातमी कशी वाटली असेल, ते मला समजतं. पानशेतनंतरचं पुणं मी आईच्या तोंडून ऐकलेलं आहे.

१८ जानेवारी

काल रात्री झोप लागली नाही, कारण ते पत्र.

विद्यापीठाच्या संघाचं नाव १९३० पासून 'सू' होतं, पुढे 'फायटिंग सू'. सू हे इथल्या मूळ रहिवाशांचं, बाहेरच्यांनी दिलेलं आणि जगभर रूढ झालेलं नाव. त्यांतल्या अनेकांना, विद्यापीठातल्या त्यांच्या मुलांना, हे नाव आणि ते मस्तक खेळाच्या जर्सीवर नको होतं. २००० साली विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स कुप्चेला हे नाव ठेवायचं की काढायचं याचा विचार करत होते. अरीनाचं काम अर्धवट झालेलं, ऐन डिसेंबर. एंगलस्टॅडनं अध्यक्षांना पत्र धाडलं: नाव काढलंत तर काम थांबवतो. साडेतीन कोटी डॉलर खर्च झालेत, ते बुडाले तरी चालतील. बांधकामाला लावलेली तात्पुरती ऊब बंद करीन, म्हणजे उरलेलं थंडीच मोडून टाकील.

दुसऱ्या दिवशी, २१ डिसेंबरला, राज्याच्या उच्च शिक्षण मंडळानं एकमतानं नाव कायम केलं. अध्यक्षांना निर्णय घ्यायची वेळच आली नाही.

त्या पत्रातलं ऊब बंद करण्याचं वाक्य बांधकामातल्या माणसालाच सुचेल असं आहे. ती पोकळ धमकी नव्हती. इथे हिवाळ्यात काम चालू ठेवायचं तर सगळा साचा प्लास्टिकनं झाकून आत हीटर लावावे लागतात. ही जमीन एका प्राचीन हिमसरोवराचा तळ आहे, अगासिझ त्याचं नाव. मैलोन्‌मैल सपाट, खोलवर चिकणमाती, ओलीगच्च. पाया उघडा असताना ऊब काढून घेतली की मातीतलं पाणी गोठतं, खालचं पाणी वर ओढून घेतं, बर्फाचे पापुद्रे साचत जातात आणि माती वर उचलली जाते. तिच्यावर जे असेल ते उचललं जातं. काँक्रीट ते सोसत नाही.

मी काळ्या मातीत पाये घातले आहेत. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पहिल्या पावसात ती फुगायला लागली की भिंतींना तिरके तडे. त्या मातीशी आम्ही अंडररीम्ड पाइल घालून जमवून घेतलं. बांधणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य त्या तड्याच्या विरुद्ध जातं. आपणच बांधलेल्या कामाला मुद्दाम तडा जाऊ देईन, असं एका बांधकामवाल्यानं लिहावं, याचा मला राग येतो. आज दिवसभर आला. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी येतो.

२० जानेवारी

उणे ३१. शाळा बंद. दिवसभर पुरणपोळ्या केल्या. इथल्या पिठाला चांगलाच ताण आहे, फाटत नाहीत.

२३ जानेवारी

नावाचं पुढे काय झालं ते थोडक्यात.

बांधणाऱ्यानं खबरदारी घेतली होती. वास्तू विद्यापीठाला लगेच दिलीच नाही. जमीन विद्यापीठाची, इमारत त्याच्या माणसांच्या ताब्यात. मस्तकाच्या हजारो मुद्रा पितळेत, काचेत, दगडात बसवल्या, म्हणजे उद्या कुणाला काढायच्या झाल्या तरी परवडू नये. ती मुद्रा बेनेट ब्रायन या ओजिब्वे जमातीच्या चित्रकारानं काढलेली, तोही याच विद्यापीठाचा. त्यामुळे कोण कुणाच्या बाजूचा हे इतकं सरळ नव्हतं. एंगलस्टॅड २००२ च्या नोव्हेंबरात वारला.

२००५ मध्ये विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेनं अशा नावांवर बंधनं आणली. विद्यापीठ कोर्टात गेलं. २००७ मध्ये तडजोड झाली: तीन वर्षांत स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या दोन्ही जमातींची संमती आणा, नाहीतर नाव सोडा. स्पिरिट लेकच्या लोकांनी मतदान करून होकार दिला. स्टँडिंग रॉककडून होकार आला नाही. मग विधानसभेनं नाव ठेवायचा कायदा केला, तो मागे घेतला, आणि शेवटी १२ जून २०१२ ला सगळ्या राज्यानं मतदान केलं. सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी नाव सोडा म्हटलं. २०१५ पासून संघ 'फायटिंग हॉक्स' आहे. दगडातलं मस्तक मात्र राहू द्यावं लागलं.

म्हणजे जे राज्यानं मतं देऊन ठरवलं, ते दरवाजातून आत पाऊल टाकलं की लागू नाही. पायाखाली जुनाच निर्णय आहे. ज्या मुलांच्या आजोबा-पणजोबांचं ते तोंड, त्यांना तिकीट काढून त्याच्यावरून चालत जावं लागतं. मी परवा चालले तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता कडेनं जाईन.

२७ जानेवारी

सरावाहून परतताना नातीनं सहज विचारलं, "आजी, मी मोठी झाल्यावर राल्फमध्ये खेळणार, बघशील ना?"

लेक गाडी चालवत होती. ती काही बोलली नाही. मी "हो तर" म्हणून गेले.

घरी आल्यावर लेकीनं स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. विद्यापीठाला मुलींचा हॉकी संघ नाही. होता, २००२ पासून. २९ मार्च २०१७ ला बंद केला, पोहण्याच्या संघांबरोबर. तेलाचे भाव पडले होते, राज्याचा महसूल आटला होता, विद्यापीठाला कात्री लावायची होती.

मी तव्यावरची पोळी तशीच ठेवून बसले. दहा कोटींची वास्तू, दोन-दोन रिंक, चामड्याच्या खुर्च्या. आणि वीस-पंचवीस मुली, त्यांचे प्रशिक्षक, बसचं भाडं, स्टिक, शिष्यवृत्ती, एवढ्याला पैसा नाही.

त्या संघातून खेळलेल्या दोघी जुळ्या बहिणी, जोसलिन आणि मोनीक लामुरू, याच गावच्या. संघ बंद झाल्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये प्याँगचांग ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात अमेरिका कॅनडाविरुद्ध मागे होती. मोनीकनं बरोबरी साधली. जादा वेळेतही निकाल लागला नाही, आणि शूटआउटमध्ये जोसलिननं निर्णायक गोल केला. वीस वर्षांनी अमेरिकेच्या बायकांना सुवर्ण मिळालं. लेकीनं फोनवर तो गोल दाखवला. एक हूल, मग दुसरी, गोलरक्षक आडवी, चकती आत. मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा नात मागे येऊन उभी होती. तिला प्रत्येक वळण पाठ आहे.

तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दात्याच्या मनात भिंत असते. भिंतीवर नाव कोरता येतं. प्रशिक्षिकेच्या पगारावर कोरता येत नाही, पहाटेच्या सरावावर कोरता येत नाही. म्हणून भिंतीला पैसा मिळतो. त्या सरकारी कात्रीचा दोष मेलेल्या माणसावर मी घालत नाही, पण दहा कोटींतला मोठा वाटा त्यानं ठेवीत ठेवला असता तर त्या ठेवीच्या व्याजावर एक संघ जगला असता, हा हिशेब मला पाठ करावा लागत नाही, तो दिसतो.

३० जानेवारी

जावयांशी जेवताना बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, दाते नसते तर ही रिंकं झालीच नसती, आणि ते खरंच आहे. पेन्सिल्वेनिया स्टेटमध्ये टेरी आणि किम पेगुला यांनी २०१० मध्ये ८ कोटी ८० लाख डॉलर दिले, तिथे वरच्या श्रेणीचा हॉकी संघच नव्हता. पण तो पैसा रिंकबरोबर पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ उभे करण्यासाठी होता. रिंक २०१३ मध्ये उघडलं. इथून खाली मिनेसोटा विद्यापीठाच्या रिंकला जॉन मारियुची या जुन्या प्रशिक्षकाचं नाव होतं. २०१७ मध्ये त्याच्या आधी एका कंपनीचं नाव जोडलं, करार चौदा वर्षांचा. मुदत आहे, हे मला बरं वाटलं. नाव भाड्यानं दिलं, मालकीनं नाही.

येल विद्यापीठाचं रिंक वास्तुकार एरो सारिननचं, १९५८ चं. पाठीच्या कण्यासारखी एकच काँक्रीटची कमान आणि तिच्यावरून दोन्हीकडे लोंबणाऱ्या तारांचं छप्पर. लोक त्याला देवमासा म्हणतात. त्याचं चित्र आमच्या कॉलेजच्या वाचनालयातल्या पुस्तकात होतं, मी ते ट्रेसिंगवर उतरवून घेतलं होतं. खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला होता म्हणे. तरीही.

३ फेब्रुवारी

पुरपुरमध्ये झँबोनी, म्हणजे बर्फ सपाट करणारं यंत्र, चालवणारे गृहस्थ रोज मला बघतात. आज त्यांनी बोलावून यंत्राची खोली दाखवली. मी पूर्वी काय करत होते ते नातीनं त्यांना सांगून ठेवलेलं.

बर्फ जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड असतो. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यात जवळजवळ बसवलेले पाइप, त्यांतून शून्याच्या बरंच खालचं खारट पाणी फिरत राहतं. बाहेर उणे ३० असलं तरी हे यंत्र लागतंच, कारण आत माणसं आहेत, दिवे आहेत, श्वास आहेत. झँबोनी वरचा खरवडलेला थर कापून घेते आणि मागे गरम पाण्याचा पातळ पदर सोडत जाते. गार नाही, गरम. त्यानं वरचा पदर किंचित वितळून नव्याशी एकजीव होतो. मी रेलिंगला टेकून तो पदर बघत होते. आधी चकाकतो, मग कडेकडून धुरकट होतो, आणि मिनिटाभरात काचेसारखा शांत.

मग ते म्हणाले, स्लॅबच्या खाली काय असतं माहीत आहे? मला अंदाज होता, तरी त्यांना सांगू दिलं. स्लॅबखाली इन्सुलेशनचा थर, आणि त्याच्याही खाली, वाळूत, पाइपांची आणखी एक जाळी. तिच्यातून कोमट द्रव फिरवायचा. वर्षानुवर्षं वर बर्फ राहिला की गारवा खालच्या मातीत उतरतो, माती गोठून फुगते आणि बर्फाचंच मैदान खालून फुटतं. म्हणून बर्फाखाली ऊब ठेवायची. दिसत नाही, तिच्यावर कुणाचं नाव नाही, आणि ती बंद पडली तर एकदोन हंगाम कुणाला कळतही नाही.

मी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. एवढं कशासाठी, असं त्यांना वाटलं असावं.

६ फेब्रुवारी

सेक्रेटरी सरांना पत्र लिहिलं. तीन वेळा खोडून, चौथ्यांदा.

नाव द्यायला हरकत नाही, मोठ्या अक्षरांत द्या, त्यांच्या वडिलांनी गावासाठी केलेलं मला माहीत आहे. पण पहिली वीट ठेवण्याआधी सगळी रक्कम संस्थेच्या खात्यात यावी. टप्प्याटप्प्यानं नको, अर्ध्या कामावर उभं राहून वाटाघाटी होत नाहीत, तिथे फक्त ऐकून घ्यावं लागतं. नियामक मंडळावरच्या जागा कायमच्या नकोत, मुदतीच्या द्या. आणि पाचांतले सव्वा कोटी कायम ठेवीत टाका. त्याच्या व्याजातून प्रशिक्षिकेचा बारमाही पगार आणि छताची, लाकडी फरशीची देखभाल. त्यासाठी संकुल लहान करावं लागलं तर मी नकाशा फिरवून देते: गॅलरी कमी, संगमरवर नाही, कोटा फरशी पुरते. मुलींच्या सरावाची वेळ देणगीपत्रातच लिहून घ्या, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, अंधार पडायच्या आत, कारण त्यांना एसटीनं परत जायचं असतं.

शेवटी लिहिलं: सर, गाईचे दात नाही, तिच्या चाऱ्याचं विचारते आहे.

१० फेब्रुवारी

सरांचा निरोप आला. ठेवीची अट देणगीदारांना पटत नाही. "सव्वा कोटी कुठे दिसणार नाहीत" असं म्हणाले. रविवारी सर त्यांच्या घरी जाणार आहेत. मी कळवलं, मला फोनवर घ्या, इथे रात्र असली तरी चालेल.

लेकीनं काल नातीला सांगितलं, राल्फमध्ये मुलींचा संघ नाही म्हणून. ती रडली नाही. "का?" विचारलं. लेकीनं पैशाचं सांगितलं. "मग आपण जमवू या," म्हणाली, आणि तिच्या डब्यातले सतरा डॉलर मोजून बाहेर ठेवले. ते अजून फ्रिजवरच आहेत. कुणी हात लावलेला नाही.

आज पुन्हा पावणेसहा, उणे १९. नाडी ओढताना माझ्या तर्जनीला आता घट्टा पडला आहे, रुतत नाही. घोट्यापाशी दोन फेऱ्या जास्तीच्या दिल्या.

"अजून, आजी."

ओढली.